संग्राहकाचा कान: हेवी मेटलच्या अल्बमांविषयी

 

बाहेरच्या फळ्यावर विषय लिहिलेला पाहून एका सरांनी आम्हाला विचारलं, 'हेवी मेटल म्हणजे बोअरच्या पाण्यातलं शिसं वगैरे का?' बीड जिल्ह्यात तो प्रश्न काही छोटा नाही, पण त्याला रसायनशास्त्राचा माणूस बोलवावा लागेल. आम्ही गाण्यांबद्दल बोलणार आहोत. (हशा) नीट सांगायचं तर गाण्यांबद्दल कमी, आणि ती गाणी तीस-चाळीस वर्षं जमवत बसलेल्या माणसांबद्दल जास्त.

आमच्या ओळखीचे असे एक गृहस्थ इथेच बीडमध्ये आहेत. नाव सांगू नका म्हणाले, म्हणून सांगत नाही. त्यांच्याकडे दोन गोदरेजची कपाटं भरून कॅसेटी आणि सीडी आहेत. कुठलाही अल्बम काढा, ते वर्ष सांगतील, ड्रमवर कोण होतं ते सांगतील, कव्हरवरचं चित्र कुणाचं ते सांगतील. आणि अल्बम कसा आहे असं विचारलं की एकच शब्द: 'कडक.' फार आवडला असेल तर 'एकदम कडक'. आमची सगळी अडचण इथून सुरू होते. 'कडक' ही दाद झाली. तिला समीक्षा म्हणायचं की नाही? आणि त्या दोन कपाटांमध्ये जे आहे आणि जे नाही, त्यावरून आपल्याला काय कळतं?

आधी, हा माल इथवर आला कसा ते बघू. परदेशी अल्बमांच्या कॅसेटी भारतात परवान्याने निघायच्या. सीबीएस, एचएमव्ही, नव्वदच्या दशकात मॅग्नासाउंड. पण त्या मुंबई-पुण्याच्या दुकानात. मुंबईत काळा घोड्याला ऱ्हिदम हाऊस होतं, तेही 2016 मध्ये बंद झालं. बीडला यायची ती भरलेली कॅसेट. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेला कुणीतरी दिवाळीला येताना घेऊन यायचा. 90 मिनिटांची कोरी कॅसेट, एका बाजूला एक अल्बम, दुसऱ्या बाजूला दुसरा. एक बाजू 45 मिनिटांची. अल्बम 47 मिनिटांचा असेल तर शेवटचं गाणं मध्येच तुटणार. आमच्या या गृहस्थांना कित्येक वर्षं काही गाण्यांचा शेवटच माहीत नव्हता. तरी त्यांनी ती गाणी पाठ केली, तुटण्यासकट. हे हसण्यावारी नेऊ नका. अल्बम ही गोष्ट ज्याला इतक्या कष्टाने मिळते, तो ती पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ऐकतो. पुढे ढकलत नाही, कारण रिवाइंड-फॉरवर्डने टेप खराब होते. त्यामुळे कुठल्या गाण्यानंतर कुठलं यावं, याचं शिक्षण त्याच्या कानाला आपोआप मिळतं. हा कान आज दुर्मीळ आहे, आणि तो आम्हाला मोलाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष एक अल्बम घेऊ. सगळे संग्राहक सुरुवात इथूनच करतात, आम्हीही करतो. ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 ला आला. शुक्रवार, 13 तारीख. तिकडच्या समजुतीत अशुभ दिवस. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची, कारखान्यांच्या गावातली चार पोरं. अल्बमचं वाजवणं जवळपास एका दिवसात आटोपलेलं. गिटारवर टोनी आयोमी. तो पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, आणि 17 वर्षांचा असताना नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी यंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबणारा हात नेमका तोच. त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, पातळ तारा लावल्या आणि वाजवत राहिला.

ही कथा प्रत्येक संग्राहक सांगतो. सांगावीच अशी आहे. पण तिथे तो थांबतो, आणि जणू त्या बोटांमुळेच हे संगीत असं जड झालं, एवढं सांगून मोकळा होतो. आमचं म्हणणं, जरा ऐका. तारा सैल करून सूर खाली नेण्याची गोष्ट खरी आहे, पण ती ठळकपणे येते 1971 च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी'मध्ये. तिथे काही गाण्यांत गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवलेली आहे. पहिल्या अल्बमातली भीती तारांच्या ढिलाईतून आलेली नाही. पहिल्याच गाण्यात तीन स्वर आहेत. आपल्या भाषेत: सा, मग तार सा, आणि मग खाली येऊन तीव्र मध्यम. बस. त्या तीव्र मध्यमावर बोट थरथरवलेलं आहे आणि पुन्हा पहिल्यापासून.

आता तीव्र मध्यम आपल्याला काही नवा नाही. यमन त्याच्यावर उभा आहे आणि यमन ऐकून कुणी घाबरत नाही. कारण यमनमध्ये त्याच्या एका बाजूला गंधार असतो, दुसऱ्या बाजूला पंचम. तो कुठून तरी येतो आणि कुठेतरी जातो. आयोमीने त्याला एकटा सोडला. शेजारी कुणी नाही, पुढे जायला वाट नाही, आणि वेळ भरपूर. भीती स्वरात नाही, त्याच्या एकटेपणात आहे. आमच्या मते त्या अल्बमाचा सगळा जोर या एका निर्णयात आहे. कारखान्यातला अपघात झाला नसता तरी हा निर्णय घेता आला असता; आणि अपघात होऊनही दुसऱ्या कुणाला तो सुचला नसता. 'कडक' म्हटल्यावर जे दुसरं वाक्य यायला हवं, ते आम्हाला या प्रकारचं अपेक्षित आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो: 'पण हा सगळा गोंगाटच ना?' बीडमध्ये मिरवणुकीतल्या डीजेने ज्यांच्या खिडक्या थरथरल्या आहेत, त्यांनी हा आक्षेप घ्यावा, त्यांचा हक्क आहे. तरीपण. गिटारचा तो खरखरीत आवाज कसा होतो? अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त ताकदीचा आवाज दिला की लाटेचे शेंडे कापले जातात, आणि मूळ स्वरावर नव्या उपस्वरांचा थर चढतो. म्हणून मेटलवाले पूर्ण कॉर्ड टाळतात. त्यात गंधार आला की त्या थरात चिखल होतो. ते बहुतेक सा आणि प एवढंच वाजवतात. सा आणि प! आता तानपुरा आठवा. त्याच्या घोडीवर जवारीचा धागा कशासाठी सरकवतात? तार घोडीला किंचित घासून उपस्वर खुलावेत म्हणून. मिरजेचा कारागीर आयुष्यभर जी जवारी साधतो आणि बर्मिंगहॅमचा पोरगा अ‍ॅम्प्लिफायर फाटेस्तोवर जे करतो, त्या दोन्हींत साफ स्वर मुद्दाम भरड केला जातो. दोन्ही एकच आहेत असं आम्ही म्हणत नाही. जवारी शांत करते, हे ढोसतं. पण ज्याला तानपुऱ्याची भरड आवडते, त्याने गोंगाट हा शब्द एवढ्या घाईने वापरू नये. आणि हलगी-संबळाच्या मुलखात तर नाहीच नाही. इथल्या किती वाद्यांना आजवर हाच शब्द ऐकावा लागला, ते आपल्याला ठाऊक आहे.

बरं. आता दुसरा अल्बम, जिथे संग्राहकाशी आमचं खरं भांडण आहे. स्लेअरचा 'रेन इन ब्लड', 1986. दहा गाणी, सगळी मिळून 29 मिनिटांच्या आत. इतका छोटा की कॅसेटच्या एका बाजूवर अख्खा मावला, म्हणून दोन्ही बाजूंवर तोच अल्बम दिला गेला. संपला की कॅसेट उलटायची आणि पुन्हा तोच. संग्राहक हे डोळे चमकवून सांगतो, आणि आम्हालाही ती गंमत आवडते. रचना म्हणून हा अल्बम अजोड आहे. कुठे चरबी नाही, श्वास घ्यायला जागा नाही, आणि निर्माता रिक रुबिन याने त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आवाजावर चढवायची घुमाऱ्याची वाफ काढून टाकल्यामुळे प्रत्येक ठोका कोरडा, जवळचा लागतो.

पण पहिलं गाणं आहे 'एंजल ऑफ डेथ'. विषय आहे योसेफ मेंगेले, आउश्वित्झच्या छळछावणीत कैद्यांवर प्रयोग करणारा नाझी डॉक्टर. कोलंबिया कंपनीने या गाण्यामुळे अल्बम वितरित करायला नकार दिला. मग गेफेनने तो बाजारात आणला. संग्राहकाला विचारा, तो म्हणेल: 'शब्द सोडा हो, रिफ बघा.' आम्ही शब्द सोडायला तयार नाही. बँडने कायम सांगितलं की हे समर्थन नाही, वर्णन आहे. ते आम्ही मान्य करतो. पण वर्णनालाही एक चाल असते. इथे अत्याचारांची यादी ज्या वेगाने, ज्या चढत्या जोशाने येते, त्यात ऐकणाऱ्याला थरार मिळतो, आणि थरार कुणाच्या बाजूने आहे हे गाणं ठरवत नाही. हा या अल्बमातला दोष आहे. मोठ्या अल्बमातला मोठा दोष. तो मान्य करून अल्बम ऐकता येतो, आम्ही ऐकतो. मात्र 'रिफ बघा' म्हणून तो झाकला की आपण ऐकणं थांबवलं आणि कपाट सांभाळायला लागलो, असं समजावं.

मेटॅलिकाबद्दल थोडक्यात बोलतो, कारण त्यांच्याबद्दल सगळेच बोलतात. 1986 चा 'मास्टर ऑफ पपेट्स' गाण्यांच्या क्रमासाठी ऐकावा. 1988 चा 'अँड जस्टिस फॉर ऑल' ऐकताना बास गिटार शोधून दाखवावी. जेसन न्यूस्टेडचं वाजवणं मिश्रणात जवळजवळ पुसलं गेलंय. काही संग्राहक याचंही कौतुक करतात, कोरडेपणाच म्हणे त्याचं सौंदर्य. आम्हाला हा निष्ठेचा अतिरेक वाटतो. एक खांब काढून घेतलेलं घर हवेशीर दिसतं, पण त्याला शैली म्हणत नाहीत. जाता जाता आणखी एक: 1991 मध्ये मेटॅलिकाला ग्रॅमी मिळालं ते 'स्टोन कोल्ड क्रेझी' या गाण्यासाठी, आणि ते मूळचं क्वीनचं, म्हणजे पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या बँडचं. महाराष्ट्राचा संबंध लावायचाच असेल तर एवढा पुरे. (हशा)

मेटॅलिकाकडे आम्ही वळलो ते दुसऱ्या कारणासाठी. त्यांचा ड्रमर लार्स उलरिख. मूळ डेन्मार्कचा, टेनिसपटूचा मुलगा, 1980 मध्ये अमेरिकेत आला. वाजवण्यात तेव्हा यथातथाच. पण संग्राहक अस्सल. इंग्लंडमध्ये त्या वेळी नव्या बँडांची लाट आली होती, कुणी शंभर-दोनशे प्रती काढलेल्या रेकॉर्डी, त्या हा पोरगा शोधून शोधून मागवायचा. 1981 मध्ये तर डायमंड हेड नावाच्या बँडच्या मागे थेट इंग्लंडला गेला. लॉस एंजेलिसमध्ये ब्रायन स्लेगल नावाचा तसाच दुसरा वेडा होता. त्याने ठरवलं की गावातल्या नव्या बँडांची एक रेकॉर्ड काढू. लार्स म्हणाला, माझ्याही बँडला जागा ठेव. बँड अजून नव्हताच! मग पेपरात जाहिरात दिली, माणसं जमली, आणि 1982 च्या 'मेटल मॅसेकर' या रेकॉर्डवर मेटॅलिकाचं पहिलं गाणं आलं. त्यांची त्याच वर्षीची डेमो कॅसेट लोकांनी एकमेकांना भरून भरून पोस्टाने पाठवली आणि त्यातून त्यांचं नाव झालं. म्हणजे बघा: मूळ संग्राहक, कंपनी काढणारा संग्राहक, पसरवणारे संग्राहक. 1990 मध्ये लार्सने जेफ बार्टन या पत्रकाराबरोबर त्या जुन्या इंग्लिश बँडांचा निवडक संग्रहही काढला. ऋण फेडलं म्हणा ना.

आणि हाच लार्स 2000 मध्ये नॅपस्टरवर खटला भरतो, गाणी फुकट वाटणाऱ्या तीन लाखांहून जास्त लोकांची यादी घेऊन. कायद्याने त्याचं बरोबर असेल. पण कॅसेट भरून देण्यावर ज्याचं नाव उभं राहिलं, त्याने हे करावं, हे त्या वेळी भल्याभल्यांच्या घशाखाली उतरलं नाही.

हे सगळं इतक्या तपशिलात सांगितलं, कारण या संगीतात संग्राहक रांगेत शेवटी उभा असलेला गिऱ्हाईक नाही. त्याने ऐकलं, निवडलं, दुसऱ्याला दिलं, तेव्हा पुढचं संगीत झालं. वर्तमानपत्रांतले समीक्षक हेवी मेटलला नाकं मुरडत होते, तेव्हा निवडण्याचं काम याच लोकांनी केलं. म्हणून आम्ही बीडच्या आमच्या मित्राची 'कडक' ही दाद हलक्यात घेत नाही, आणि म्हणूनच त्याच्या कपाटाकडे जरा कडकपणे बघतो.

काय आहे तिथे? सॅबथ, जुडास प्रीस्ट, आयर्न मेडन, मेटॅलिका, स्लेअर, मेगाडेथ. 1970 ते 1991. सगळं परदेशी. मुंबईचं काय आहे? काही नाही.

मुंबईत काय नव्हतं असं नाही. 1984 मध्ये रॉक मशीन सुरू झाला, गिटारवर महेश तिनईकर; 1988 मध्ये त्यांचा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला, पुढे तेच इंडस क्रीड झाले. त्यांना हार्ड रॉक म्हणावं, मेटल नव्हे, पण वाट त्यांनी पाडली. 1986 पासून धोबी तलावाला, सेंट झेवियर्स कॉलेजशेजारच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक भरायचा. नव्वदच्या दशकात तिथे ब्रह्मासारखे अस्सल मेटल बँड वाजले. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमाने रंगभवनातले कार्यक्रम थांबले. 2000 मध्ये साहिल मखिजाने डेमॉनिक रिझरेक्शन उभा केला, स्वतः ध्वनिमुद्रण केलं, स्वतःचं लेबल काढलं, दुसऱ्यांचे अल्बमही त्यावर काढले. लार्स आणि स्लेगल दोघांचं काम या एका माणसाने केलं म्हणा. भयानक मौत, स्क्राइब, झिग्नेमा, गटस्लिट हे सगळे मुंबईचेच.

डेमॉनिक रिझरेक्शनचा 2017 चा 'दशावतार' घ्या. दहा गाणी, मत्स्यापासून कल्कीपर्यंत, एका अवताराला एक. कीर्तनात, सोंगात दशावतार बघितलेल्या आपल्या माणसाला हा अल्बम कसा लागेल, याची आम्हाला फार उत्सुकता होती. आमचं मत मिश्र आहे. क्रम आधीच ठरलेला असल्यामुळे अल्बमला कणा आयता मिळाला. पण दहाही अवतारांना सारखंच रौद्र रूप देण्याचा मोह जागोजागी दिसतो. नरसिंहाला ती गर्जना शोभते. वामनाला? वामनाची गोष्ट लहानपणाची आहे, तीन पावलांच्या हिशेबाची. बुद्धाला तर प्रश्नच. भारतीय वाद्यांचे रंग जिथे येतात तिथे कान टवकारतात, आणि तेवढ्यात गिटारींची भिंत पुन्हा उभी राहते. तरीसुद्धा, हा आपल्या गोष्टींवर आपल्याच राज्यात झालेला, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकसंध विचार केलेला मेटल अल्बम आहे, आणि ज्याला अल्बम अखंड ऐकायचा कान आहे त्याच्याकडे तो नसावा हे आम्हाला खटकतं. बरं-वाईट नंतर ठरवू, आधी घरात तर येऊ दे.

दिल्लीच्या ब्लडीवूडने 2022 च्या 'रक्षक'मध्ये ढोल आणून जगभर टाळ्या मिळवल्या. हलगी अजून वाट बघते आहे.

आता जिथे खरी काळजी आहे, तिथे येतो. मुंबई-पुण्याच्या बँडांचं जुनं काम बरंचसं स्वतः काढलेल्या कॅसेटींवर, घरच्या संगणकावर भरलेल्या सीडींवर, आणि मायस्पेससारख्या साइटवर होतं. 2019 मध्ये मायस्पेसने कबूल केलं की 2015 पर्यंत चढवलेली गाणी सर्व्हर हलवताना गेली. जगभरातल्या जवळपास पाच कोटी गाण्यांची ही गोष्ट. त्यात आपली किती, कोण मोजणार? कॅसेटींचं म्हणाल तर आपल्याकडचा उन्हाळा, पारा 42 च्या वर, पत्र्याच्या कपाटात त्याहून जास्त. पट्टीवरचा थर सुटतो, हेडवर तपकिरी भुकटी जमते. पावसाळ्यात बुरशी. घरी लिहिलेली सीडी तर कॅसेटच्याही आधी मरते. आयर्न मेडनच्या 'पॉवरस्लेव्ह'ची एक प्रत बीडमध्ये खराब झाली तर जगाचं काही बिघडत नाही, हजारो आहेत. मुंबईच्या एखाद्या बँडच्या डेमोच्या शंभर प्रती निघाल्या असतील, आणि त्यातली शेवटची कुणाच्या तरी माळ्यावर असेल.

जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांचं असं झालं नाही, कारण त्यांना वेळेवर माणसं मिळाली. 1990 मध्ये मुंबईत सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू केली. त्यांनी नुसत्या तबकड्या जमवल्या नाहीत. तबकडीचा क्रमांक, कंपनी, गायकाचं नाव, सालं यांच्या नोंदी केल्या, त्या 'द रेकॉर्ड न्यूज'मध्ये छापल्या, लोकांना बोलावून ऐकवल्या. गोहरजाननी 1902 मध्ये ध्वनिमुद्रणाच्या शेवटी स्वतःचं नाव सांगितलं, ते आज आपल्याला माहीत आहे ते अशाच वेड्यांमुळे. कंपन्यांनी हे काम केलं नव्हतं. मेटलवाल्यांतही नोंदीचं वेड आहे. चाहत्यांनीच 2002 मध्ये सुरू केलेला एन्सायक्लोपीडिया मेटॅलम हा कोश त्याची साक्ष आहे. पण कोशात बँडचं नाव आणि वर्ष राहतं, आवाज राहत नाही.

आमच्या मित्राला आम्ही हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'मुंबईच्या पोरांचं मी कशाला ठेवू, ते मेडनइतकं चांगलं आहे का?' प्रश्न रास्त आहे. उत्तर असं की पुष्कळसं नाही. पण 1981 मध्ये लार्सने जमवलेल्या रेकॉर्डींपैकी किती चांगल्या होत्या? डायमंड हेडचं 'अ‍ॅम आय ईव्हिल' आज लोकांना ठाऊक आहे ते मेटॅलिकाने 1984 मध्ये ते वाजवलं म्हणून. उरलेल्या बऱ्याच रेकॉर्डी सामान्य होत्या, आणि त्या सामान्य रेकॉर्डींच्या ढिगात बसल्याशिवाय त्याला काय वाजवायचं ते कळलं नसतं. फक्त सर्वोत्तम शंभर जमवणाऱ्याचं कपाट सुंदर दिसतं; त्यातून पुढचं काही उगवत नाही.

ते मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, पुण्याच्या एका मित्राकडे रंगभवनातल्या एका रात्रीची, प्रेक्षकांत बसून भरलेली कॅसेट असावी. आवाज घाण आहे. आम्ही म्हटलं, आणा. आणली की ती आधी सावलीत दोन दिवस ठेवायची, हाताने हळूहळू एकदा पूर्ण गुंडाळून उलटी करायची, मग एकदाच लावायची आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यायची. दुसऱ्यांदा लावेपर्यंत ती टिकेल याची खात्री धरू नये. आणि तारीख, बँड, कोण कुठे बसलं होतं, जे आठवेल ते लगेच लिहून काढायचं. सभागृहात कुणाच्या घरी, भावाच्या, मामाच्या पेटीत असं काही असेल, तर जाताना दाराशी बोला.

प्रश्नोत्तरं नंतर. आधी तो 1970 चा अल्बम लावतो, पहिली बाजू. सुरुवातीला पाऊस आहे, गडगडाट आहे, लांबवर एक घंटा आहे. मशीन बिघडलं असं समजून कुणी उठू नका, आणि तीव्र मध्यम आला की मागच्या रांगेतल्यांनी हात वर करा.